कोशिंबीर आधी, भात मागून

मैत्रिणींनो, आपल्या पानात कोशिंबिरीची जागा डावीकडे, मिठालिंबाच्या शेजारी, आणि तीही चमचाभर! हात पहिल्यांदा जातो तो वरण-भाताकडे. ज्यांच्या घरात मधुमेह शिरला आहे, त्यांनी हा क्रम उलटा करून पाहावा.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी मधुमेहाच्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन तऱ्हांनी दिले. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, तर एकदा कोंबडी व भाज्या आधी. भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. रुग्ण थोडे होते खरे, पण कारण पटण्याजोगे आहे. चोथा, प्रथिने आणि थोडे तेल पोटात आधी गेले, की मागचे अन्न जठरातून सावकाश सरकते.

थंडीत आपल्या कॉटन मार्केटात मुळे, गाजरे, पातीचा कांदा यांची रेलचेल असते. माणशी मोठी वाटीभर कोशिंबीर करावी. त्यात भिजलेली मुगाची डाळ, दोन चमचे दाण्याचे कूट, लिंबू, भरपूर सांभार आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. दहीही चालेल. साखर मात्र नको हं! ती चिमूट आपण निव्वळ हाताच्या सवयीने टाकतो. मीठ ऐन वाढताना घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही. आणि वाटीभर कोशिंबीर खाल्ली म्हणून भाताच्या तीन मुदी चालतात असे नव्हे; एक मूद कमीच करावी. संत्र्याचाही रस काढू नये, फोडी खाव्यात.

आता तुमच्याबद्दल. सगळ्यांची जेवणे उरकून तुम्ही बसता, तेव्हा कोशिंबिरीचे भांडे रिकामे आणि उरलेला भात "वाया कशाला घालवायचा" म्हणून तुमच्या पानात. साखर तुम्हालाही होऊ शकते, बरे का! म्हणून वाढायला घेण्याआधीच आपली वाटी बिनमिठाची काढून झाकून ठेवा.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर नुसत्या कोशिंबिरीवर जेवण भागवू नका. साखर एकदम उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. घरी साखर तपासायचे यंत्र असेल, तर तेच जेवण एक दिवस जुन्या क्रमाने, एक दिवस नव्या क्रमाने घ्या, दोन तासांनी तपासा आणि दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.