हॉबी आणि हातभट्टी

आमच्या मध्यमवर्गाच्या तोंडात एकाच कृतीला दोन शब्द आहेत. धान्य किंवा फळ घ्यायचे, त्यातली साखर मोकळी करायची, ती यीस्टच्या हवाली करायची आणि वाट पाहायची. हे काम न्यू जर्सीच्या तळघरात स्टीलच्या भांड्यात झाले की ती ‘हॉबी’. तेच सत्तरीच्या डोंगरात किंवा खानापूरच्या रानात मडक्यात झाले की ती ‘हातभट्टी’. पहिलीचे फोटो आपण पाहुण्यांना दाखवतो. दुसरीचे नाव काढताना आवाज खाली आणतो. आंबवणे निराळे आणि गाळणे निराळे, हे मला ठाऊक आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण आपले लोक तो फरक जाणून हे दोन शब्द वापरतात, असे मात्र कोणी मला सांगू नये.

माझा पुतण्या न्यू जर्सीत नोकरी करतो आणि शनिवारी तळघरात बिअर करतो. एका वेळी 5 गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 19 लिटर. विकत नाही, विकायची परवानगीही नाही. त्याच्या संगणकावर कृतीचा हिशेब करणारे एक साधन आहे. अशी साधने आता पुष्कळ झाली आहेत. बिअरस्मिथ, ब्रूफादर, ब्रूअर्स फ्रेंड ही त्यांतली काही नावे. माल्ट किती किलो, हॉप्स किती ग्रॅम आणि उकळीच्या कितव्या मिनिटाला, यीस्ट कोणते, एवढे भरले की उत्तर येते: सुरुवातीची घनता 1.050, शेवटची 1.012, मद्यार्क सुमारे 5 टक्के, कडूपणा 35. यात जादू काही नाही. आपल्या दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा धाकटा भाऊ म्हणावा असे काचेचे हायड्रोमीटर असते. रसात साखर जास्त असेल तर ते वर तरंगते, यीस्टने साखर खाल्ली की खाली बसते. दोन आकड्यांतला फरक 131 ने गुणा, मद्यार्काची टक्केवारी मिळते. सातवीतल्या पोराला जमेल असे गणित आहे.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना मी हे सांगितले, तर म्हणाले, “पोरगं हुशार हो, दारूतसुद्धा सायन्स काढलं!” त्याच मास्तरांनी त्याच आठवड्यात डोंगरातल्या एका भट्टीवर धाड पडल्याची बातमी वाचून, “बदडून काढायला पाहिजेत एकेकाला,” असा निकाल दिला होता. सायन्स दोन्हीकडे आहे, मास्तर. एकीकडे ते पडद्यावर दिसते, दुसरीकडे बाईच्या हातात असते, एवढाच फरक.

आता या साधनांविषयी माझे भांडण काय ते सांगतो, कारण त्यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तो 35 आकडा घ्या. कडूपणा काढायची सूत्रे एकाहून अधिक आहेत. टिन्सेथ नावाच्या गृहस्थांच्या सूत्राने एक तासाच्या उकळीतल्या ज्या हॉप्सना 35 येतात, त्याच हॉप्सना रेगर यांच्या सूत्राने 45 च्या वर येतात. भांडे तेच, बिअर तीच. मग कडू किती? जिभेला विचारा. पण जिभेला विचारायची सवयच ही साधने मोडतात. त्यांच्यात बीजेसीपी नावाच्या परीक्षकांच्या संस्थेने आखलेल्या चौकटी असतात: अमुक प्रकारच्या बिअरचा रंग इथून तिथपर्यंत, कडूपणा इथून तिथपर्यंत. आकडा चौकटीत आला की सगळे शुभ. पुतण्याने एकदा चांगली जमलेली कृती बदलली. मी कारण विचारले. “काका, चौकटीत बसत नव्हतं ते.” मी म्हटले, “अरे, प्यायला कोण बसणार आहे? तू का चौकट?”

तरी या साधनांचा एक गुण मी मान्य करतो, आणि माझा सगळा लेख त्याच गुणावर उभा आहे. ती लिहून ठेवतात. मागच्या खेपेला काय घातले, हवा किती गरम होती, किती दिवस लागले, काय बिघडले, हे सगळे तिथे राहते. आयोवातल्या माणसाची चूक न्यू जर्सीतल्या माणसाला पुन्हा करावी लागत नाही. आपल्याकडे चुलीपाशी बसून चाळीस वर्षे शिकलेली बाई जाते, आणि तिच्याबरोबर सगळे जाते.

हे सगळे तिकडे पहिल्यापासून प्रतिष्ठित होते, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्या काळात माल्टच्या पाकाचे डबे पावासाठी म्हणून दुकानात विकले जात, आणि ते घेणाऱ्या घरांत किती पाव भाजले जात हे सगळ्यांना माहीत होते. बंदी उठली, पण घरी बिअर करणे केंद्राच्या कायद्याने गुन्हाच राहिले. ऑक्टोबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी 1979 पासून मोकळीक मिळाली: एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200. त्यातही राज्यांनी आपापले घोडे दामटलेच. अलाबामा आणि मिसिसिपी 2013 पर्यंत अडून बसले होते. इंग्लंडात घरच्या बिअरचा परवाना 1963 च्या अंदाजपत्रकात गेला. म्हणजे माझा पुतण्या 1977 साली त्याच तळघरात तेच करताना सापडता, तर गुन्हेगार ठरता. मधे काय बदलले? बार्ली तीच आहे, माणसेही तीच.

आपल्याकडे दारू हा राज्यांचा विषय. सीमाभागातल्या कुटुंबाला हे समजावून सांगायला नको. घर बेळगावात, म्हणजे कर्नाटकचा 1965 चा अबकारी कायदा. सासर सावंतवाडीला, तिथे मुंबई राज्याच्या वेळचा 1949 चा दारूबंदी कायदा, ज्याने ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीला दिला. मुलगी फोंड्याला, तिथे गोव्याचा 1964 चा. आणि धाकटी जाऊ वडोदऱ्याची असेल, तर तिकडे राज्य झाल्या दिवसापासून बंदीच. घाट चढता-उतरताना एकच माणूस तीन वेळा निराळा ठरतो. त्यातल्या त्यात शहाणपण मध्य प्रदेशाने दाखवले. तिथे आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळायची सूट कायद्यानेच दिलेली आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांपैकी किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे.

आता स्वयंपाकघरात चला. बिअरचा जीव माल्टमध्ये असतो आणि माल्ट म्हणजे मोड आलेली, वाळवलेली, भाजलेली बार्ली. धान्याला मोड आला की त्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. मग ते कोमट पाण्यात, 65 अंशांच्या आसपास, तासभर ठेवले की गोड रस निघतो. आता सांगा, तान्ह्या बाळाला नाचणीचे सत्त्व देणाऱ्या कुठल्या आजीला यातले पहिले अर्धे ठाऊक नाही? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजायची, दळायची. आमच्या शेजारचे कानडी लोक तर तिला सरळ ‘रागी माल्ट’च म्हणतात आणि दुकानात त्याच नावाने पाकीट मिळते. आंबील, इडली, कांजी, ढोकळा: आंबवण्याची विद्या आपल्या घराघरांत आहे. गोव्यात सान्नां फुगतात ती सुरीने, म्हणजे माडीने. पोदेराचा पावही पूर्वी तिच्यावरच फुगत असे. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि पावात बाजारचे यीस्ट आले. पुतण्याला मी म्हटले, नाचणी घालून बघ. त्याने यादी उघडली. इंग्लंडची मॅरिस ऑटर बार्ली होती, जर्मन पिल्सनर माल्ट होते, ओट, राय, मका, तांदूळ सगळे होते. नाचणी नव्हती. तिचे आकडे त्याला हाताने भरावे लागले, तेही अंदाजाने.

यावर कोणी म्हणेल, घरगुती, गावठी गोष्टींना त्या यादीत कोण जागा देणार? नॉर्वेचे उदाहरण बघा. तिकडच्या पश्चिम भागातले शेतकरी पिढ्यान्पिढ्या घरचे यीस्ट राखून होते. ‘क्वाइक’ त्याचे नाव. लाकडाच्या कड्यावर वाळवून टांगायचे, पुढच्या खेपेला भिजवायचे. आपण विरजण राखतो तसे. कारखान्यांना शुद्ध यीस्ट 1883 पासून, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेन यांनी एकेक पेशी वेगळी वाढवायला सुरुवात केली तेव्हापासून, माहीत होते. शेतकऱ्यांच्या कड्यांकडे कोण पाहणार? पण लार्स मारियस गार्शोल नावाचा एक नॉर्वेजियन गृहस्थ घरोघर हिंडला, म्हाताऱ्यांशी बोलला, मोजले, लिहिले. आज क्वाइक जगभर पाकिटात मिळते आणि पुतण्याच्या यादीतही आहे. ते 35 अंशांच्या वरही नीट काम करते. बेळगावच्या नव्हे, पण फोंड्याच्या एप्रिलला शोभेल असे यीस्ट नॉर्वेच्या थंडीतून यावे आणि आपल्या माडीतल्या यीस्टचे नावही कोणाला ठाऊक नसावे!

फेणीची गोष्ट थोडी बरी आहे, पण थोडीच. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला. बोंडे तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबवायचा, एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. ताकद ‘ग्राव’ या मापाने सांगतात. हुर्राक पंधराच्या आसपास, फेणी एकोणीस-वीस. अनुभवी भट्टीवाला बाटली हलवून वरचे मणी किती वेळ टिकतात ते बघतो आणि ग्राव सांगतो. हेही मोजमापच आहे, बरे का. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला ‘हेरिटेज’ पेय ठरवले. छान झाले. पण चोर्ला घाट चढून इकडे चंदगडला या. काजू तोच. बी काढून घेतात आणि बोंडे बहुतेक झाडाखाली कुजतात, कारण मधे रेघ आहे. रेघेच्या त्या बाजूला वारसा आणि या बाजूला चिलटे.

आता खरा आक्षेप. माझ्या घरातल्याच बायकांनी तो घेतला आणि तो मास्तरांच्या आक्षेपासारखा पोकळ नाही. ज्या घरात नवरा पिऊन येतो त्या घरातल्या बाईला वारसा सांगू नये. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली ती बायकांच्या रेट्यामुळे, आणि ‘आडवी बाटली’ला मत देणाऱ्या गावोगावच्या बायांपुढे मी हात जोडतो. पण त्यांचे भांडण कुठल्या दारूशी होते ते नीट पाहा. कर्नाटकाने 1 जुलै 2007 पासून सारायी बंद केली. पिणारा थांबला का? तो परवान्याच्या दुकानातल्या बाटलीकडे आणि कागदी पाकिटाकडे गेला, जिचा कर सरकारच्या तिजोरीत जातो. सरकारला बाटलीचे वावडे नाही, मडक्याचे आहे.

आणि विषारी दारू? विक्रोळीत 2004 मध्ये, मालवणीत 2015 मध्ये माणसे मेली. मालवणीत तर शंभराच्या वर. ती धान्य आंबवून मेली नाहीत. कारखान्यात लागणारे मिथेनॉल स्वस्तात मिसळून विकणाऱ्या धंद्याने ती मारली. आंबवलेल्या धान्याच्या बिअरमध्ये माणूस मारण्याइतके मिथेनॉल तयार होत नाही. गाळण्यात मात्र धोके आहेत, आगीचे आहेत, ताकदीचे आहेत, विक्रीच्या लोभाचे आहेत. म्हणून अमेरिकेनेही 1978 मध्ये बिअर मोकळी केली तेव्हा घरी गाळण्याला सूट दिली नाही. मीही ती मागत नाही. गाळणाऱ्याला परवाना द्या, मापे द्या, तपासा, आणि गोव्यासारखे नावही द्या. पण घरच्यापुरती, विक्रीची नव्हे अशी आंबवलेली बिअर किंवा बोंडांची वाइन मर्यादेत करायला मोकळीक द्यायला या चार-पाच राज्यांना काय हरकत आहे, ते मला कोणी समजावून सांगावे. आज ती नाही, हे मी स्पष्टच लिहितो. हा लेख वाचून कोणी माळ्यावर पिंप ठेवले आणि पोलीस आले, तर माझे नाव सांगू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. लिहून ठेवायला मात्र कोणाच्या परवान्याची गरज नाही. नाचणीला मोड आणताना किती तास भिजवता, पावसाळ्यात किती आणि मेमध्ये किती. आंबील किती वेळात येते आणि बिघडली हे वासावरून कसे कळते. सान्नांना वाटीभर सूर किती तांदळाला. बोंडाचा रस कितव्या दिवशी बुडबुडे सोडायचा थांबतो. ‘अंदाजाने’ हा शब्द वापरायचा नाही. वाटी असेल तर ती वाटी मोजा, किती मिलीलिटरची ते लिहा. घरातली मोठी माणसे कानडीत किंवा कोकणीत सांगत असतील तर त्यांचे शब्द तसेच ठेवा, शेजारी मराठी लिहा. पोरांना संगणकाची हौस आहेच. त्यांना म्हणावे, आजीचे आकडे भरा त्या यादीत. पुतण्या पुढच्या महिन्यात येतो आहे, त्याच्या हातात वही देऊन मी त्याला आमच्या वहिनींपुढे बसवणार आहे.

आणि संपादकमहाशय, वाचकांची पत्रे आली आणि पुढच्या अंकात जागा कमी पडली, तर वार्षिक राशिभविष्याची चार पाने कापा.