छायाचित्रकार ठरवताना साक्षीदार निवडा!

लग्नसराई सुरू झाली की हुडकेश्वर रोडवरच्या लॉनना उसंत नसते. गेल्या हंगामात अशाच एका मंगल परिणयाला आम्ही हजर होतो. मुलीचे वडील निवृत्त चतुर्थश्रेणी कर्मचारी. दोन महिन्यांनी ते अल्बम घेऊन आमच्याकडे आले. जाड पानांचा, मखमली पेटीतला अल्बम! त्यात स्टेजवरचा धूर होता, वरातीत नाचणारी पोरे होती, जेवणाच्या रांगा होत्या. नव्हता तो फक्त विधी. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, यातले एकही छायाचित्र नव्हते. जाब विचारला तेव्हा छायाचित्रकार म्हणाला, "मला वाटलं, फेरे व्हायचेच आहेत!"

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. महापरिनिर्वाणाच्या अवघ्या दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने भरलेले नवे मातीचे भांडे, त्यात सोडलेल्या सुताची दोन टोके वधूवरांच्या हाती, मंगलसुत्ताचे पठण आणि दोघांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे. इतका साधा आणि इतका कमी वेळाचा हा विधी आहे. ज्याला तो ठाऊक नाही, तो अक्षतांची आणि फेऱ्यांची वाट पाहत उभा राहतो आणि लग्न लागून जाते.

आता यातली कायद्याची बाजू पाहा. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार लग्न वधू किंवा वराकडील रूढ विधींनी लागले पाहिजे. सप्तपदीची अट तो विधी जिथे रूढ आहे तिथेच. विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. उद्या पोटगीचा, वारसाहक्काचा किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला आणि समोरच्याने लग्नच नाकारले, तर आपल्या लेकीने काय दाखवायचे? स्टेजवरचा धूर? वरील कुटुंबाला शेवटी एका भाच्याच्या मोबाईलमधले दोन अंधुक फोटो कामी आले.

म्हणून आमचे समाजबांधवांना सांगणे आहे, की छायाचित्रकार ठरवताना त्याने निवडून काढलेले दहा देखणे फोटो पाहून भुलू नका. त्याने केलेल्या एखाद्या बौद्ध विवाहाचा संपूर्ण अल्बम पाहायला मागा. विधीचा क्रम त्याला आदल्या दिवशी लिहून द्या आणि बौद्धाचार्यांशी त्याची गाठ घालून द्या. साध्या कागदावर का होईना, करार करा. कोण येणार, किती तास थांबणार, फोटो किती, अल्बम कधी, इसार किती, हे त्यात लिहा. पावती घ्या. शिल्लक रक्कम काम हाती पडल्यावरच द्या. आमच्या या गृहस्थांनी सारे पैसे आधीच रोख मोजले होते आणि पावतीचा एक कपटाही त्यांच्याजवळ नव्हता.

मूळ फाईली मात्र आवर्जून मागून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल फोटो पुराव्यात देताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. तिथे नटवलेल्या अल्बमपेक्षा मूळ फाईल मोलाची. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, उलट करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा असतो. तेव्हा आपल्या मुलीचा फोटो दुकानाच्या फलकावर लावायचा की नाही, हे छायाचित्रकाराने परस्पर ठरवू नये. त्याने काम बिघडवलेच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही लागत नाही.

आणि कर्ज काढून ड्रोन उडवू नका! लग्नाआधीच्या शूटिंगसाठी पतसंस्थेची पायरी चढणाऱ्या बापाला तो हप्ता नातवंड शाळेत जाईपर्यंत फेडावा लागतो. एक जाणता माणूस आणि एक चांगला कॅमेरा पुरे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ची कृष्णधवल छायाचित्रे आज आपल्या घराघरांत आहेत. त्यात रोषणाई नाही, सजावट नाही. धम्मदीक्षा घेणारे बाबासाहेब आहेत आणि समोर अथांग जनसागर आहे. त्या दिवशी कॅमेरा धरणाऱ्यांना काय टिपायचे ते नेमके कळले होते. आपल्या लेकरांच्या लग्नात तरी ते कळणारा माणूस शोधा.