हंडी एक, झाकण दुसरंच

मागच्या रविवारी खाला आमच्या विश्रामबागच्या घरी आल्या. पिशवीत सासूबाईंची बिडाची हंडी, झाकणासकट. नातीच्या फीसाठी विकायची होती. "शंभर वर्षांची जोडी म्हणून सांगितलं तर भाव बरा येईल. तू शाळेत शिकवतेस, काय लिहिलंय ते बघ जरा," म्हणाल्या.

आम्ही दोन्ही वेगवेगळी पाहिली. जुन्या भांड्याचा पहिला नियम हाच: प्रत्येक भागाचं वय वेगळं काढायचं.

झाकणाच्या आत 'मेड इन इंडिया, २६ सें.मी.' असं ओतलेलं. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, म्हणजे झाकण त्याच्या आधीचं असणं कठीण. हंडीच्या तळाला नुसता १० चा आकडा. तोंड मोजलं, बरोबर दहा इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर. झाकण बसत होतं, पण डुगडुगत होतं. हंडीचा पोत खरबरीत, झाकणाचा गुळगुळीत. दोन्ही एका साच्यातली नव्हेत, हे उघड झालं.

मग हंडी शंभर वर्षांची का? तेही सांगता येईना. इंच आजही चालतात. तळाला रस ओतल्याची उंच रेघ विलायती भांड्यांत जुनेपणाची खूण धरतात. आपल्याकडे हातानं वाळूच्या साच्यात आजही ओततात. आणि आपल्या भागात जुनं बीड दिसलं की किर्लोस्करवाडीचं नाव घेतात. तो कारखाना १९१० चा, लोखंडी नांगरांसाठी नावाजलेला. पण भांड्यावर नाव ओतलेलं नसेल तर आपण जोडू नये.

खाला गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आठवलं. पहिलं झाकण माझ्याच हातून पडून फुटलं होतं. बीड ते, पडलं की तुकडे. यांनी मिरजेच्या बाजारातून हे आणलं."

मालातला ऐब सांगून विकावं, हे आपण मुलांना शिकवतो. खालांनी घेणाऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं भाव कमी केला. खालांनी हंडी दिली, झाकण ठेवून घेतलं. फीला कमी पडलेले पैसे पुढच्या महिन्यात भरायचे ठरले.

तुमच्या घरी असं भांडं असेल तर कुठला भाग कुणी, कधी आणला, ते थोरल्यांना विचारून आजच वहीत लिहून ठेवा. तळाचा आकडा एवढं सांगत नाही.