हरितगृह कुणाच्या सातबाऱ्यावर?

टेंभुर्णीसारख्या गावात सार्वजनिक बाग करायचे ठरले, की झाडांच्या यादीआधी हरितगृहाचे कोटेशन येते. वर पॉली पेपर, एका भिंतीला कूलिंग पॅड, समोर पंखे. उजनी जवळ असली तरी एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. वीज गेली, पंखे थांबले की भर दुपारी आतली रोपे उकडून निघतात. वळवाचा वारा सुटला तर पेपरही जागेवर राहत नाही. थंड मुलखात हरितगृह उबेसाठी बांधतात, आपल्याला हवी सावली. म्हणून बागेसाठी मागायचेच तर शेडनेट मागावे.

पैशांचे गणितही त्यानेच सोपे होते. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मापदंडात पाइपच्या सांगाड्याचे शेडनेट चौरस मीटरला ७१० रुपये धरले होते. दोन गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटरचे, त्या दराने १ लाख ४२ हजार होतात. आज लोखंड महागले आहे, तरी आकडा गावाच्या आवाक्यातला. अनुदान निम्मे, पण ते शेतकऱ्याला, त्याच्या नावच्या सातबाऱ्यावर. बागेची जागा ग्रामपंचायतीची किंवा ले-आउटमधली खुली जागा, आणि महाडीबीटीवरचा अर्ज तिथेच अडतो. अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत महिला गटांना प्राधान्य होते, ४ लाख ६० हजारांच्या प्रकल्पाला निम्मे अनुदान होते. मात्र अट ४० आर जमिनीची. गटातल्या एखादीने स्वतःची जमीन दिली तर रोपवाटिका होईल, सार्वजनिक बाग होणार नाही.

मग लोक साखर कारखान्याकडे सीएसआर मागायला जातात. इथे एक गफलत नेहमी होते. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ कंपन्यांना लागू आहे. सहकारी कारखाना त्यात येत नाही. तो देईल ते देणगी म्हणून, संचालक मंडळाच्या मर्जीने. खासगी कारखाना किंवा एमआयडीसीतली कंपनी कलमाच्या निकषात बसत असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही पैसा घेणारी संस्था सीएसआर-१ नमुन्यात नोंदलेली हवी. गावातल्या बाग समितीकडे बहुधा पावतीपुस्तकही नसते.

सांगाड्याला पैसे मिळतात, कारण त्याच्यापुढे फीत कापता येते. माळ्याच्या मजुरीला कोण फीत कापणार? १५ व्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून गावाच्या गरजेची कामे करता येत होती, पगार आणि आस्थापना खर्च मात्र नाही. नेट काही वर्षांत उन्हाने विरते, पंपाचे बिल दर महिन्याला येते, आणि माळी नसला तर प्रो-ट्रेमधली रोपे दोन दिवसांत वाळतात. त्यामुळे प्रस्ताव लिहून देणाऱ्या आपल्या वाचकांनी निदान तीन वर्षांची मजुरी, वीज आणि एकदा नेट बदलण्याचा खर्च आधी मांडावा, पाइपचा गेज नंतर.

थोडी कमाई रोपविक्रीतून होईल. तुळस, कढीपत्ता, झेंडू, परसबागेची वांगी-मिरची. फळझाडे विकायची तर १९६९ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागेल. ऊसरोपांच्या वाटेला मात्र बागेने जाऊ नये. अडसालीच्या हंगामावर या भागातल्या कित्येक रोपवाटिकांचे वर्ष चालते. आणि शिवाय, ऊसरोपांची उधारी वसूल करायला बाग समितीतून कोण निघणार?