कानसेनाची परीक्षा

आम्ही तानसेन नसलो तरी कानसेन आहोत, हे चारचौघांत सांगताना मला आजवर कधी संकोच वाटला नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र मांडी घालून जे ऐकले, त्या भांडवलावर हा व्यापार चाललेला. यंदा गणपतीत पुतण्या दोन हेडफोन घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘काका, दोन्ही ऐका. आवडेल तो तुमचा.’’ तेव्हा परीक्षा हेडफोनांची आहे अशीच माझी समजूत होती.

एक होता सोनीचा एमडीआर-७५०६. १९९१ सालापासून ध्वनिमुद्रणवाल्यांच्या डोक्यावर दिसणारा, बंद वाट्यांचा, टेलिफोनसारख्या पिळाच्या वायरचा. दुसरा जर्मनीच्या सेनहायझरचा एचडी ६००. हा १९९७ चा. याच्या वाट्यांना मागून नुसती जाळी, त्यामुळे आपण ऐकतो ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाते. शिवाय नवा असल्याने तो डोके असे आवळतो की, चष्म्याच्या काड्या कानशिलात रुताव्यात.

मी दोन्ही लावून पाहिले आणि तत्काळ निकाल दिला: सोनी! काय तो तबला, काय ती धार! पुतण्या हसला. ‘‘काका, तो फक्त मोठ्याने वाजतोय.’’ मग त्याने समजावले. सोनीचा रोध ६३ ओहम, सेनहायझरचा ३००. आमच्या संगणकाचे तुटपुंजे व्होल्टेज दुसऱ्याला पुरत नाही, म्हणून तो दबका वाटतो. आणि आवाजात थोडासाच फरक असला, तर माणसाला तो ‘मोठा’ असा कळतच नाही, ‘चांगला’ असाच कळतो. (लग्नाच्या बैठकीत मोठ्याने बोलणाऱ्या मामांचेच का चालते, हे मला त्या दिवशी उमगले.)

त्याने एक छोटा अॅम्प्लिफायर जोडला आणि दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला. डोळे मिटून ऐका म्हणाला. पण एकाच्या गाद्या मखमलीच्या, दुसऱ्याच्या रेक्झिनसारख्या. डोळे मिटून काय होणार, कानच चुगली करतात!

आता मात्र चित्र पालटले. सोनीतला तबला पुढे येऊन बसत होता, पण गायकाचा ‘स’ जिभेवर जरा जास्तच रेंगाळत होता. सेनहायझरमध्ये सारे दोन हात मागे सरकले. खोलीतून उठून ओसरीवर येऊन ऐकावे तसे. मी निकाल फिरवला. चाळीस वर्षांच्या अनुभवाने दिलेला निकाल पाच मिनिटांत फिरला, ही गोष्ट सौभाग्यवतींच्या नजरेतून सुटली नाही.

‘‘अहो, आता सासूबाईंची कॅसेट लावा ना,’’ ती म्हणाली.

१९८४ च्या दिवाळीत, चकल्या पाडता पाडता आई ओव्या म्हणत होती, त्या मी गुपचूप टेप केल्या होत्या. पुतण्याने मागल्या वर्षी ती कॅसेट संगणकात उतरवून दिली. मी ऐकले. आईचा आवाज, मधूनच चुलीवरच्या कढईचा चर्र आवाज. डोळे भरून आले. मग हिने ऐकले. आधी सोनी, मग सेनहायझर. आणि हसून म्हणाली, ‘‘सोऱ्या फिरवताना सासूबाईंच्या बांगड्या किती किणकिणतायत! यात जरा जास्तच टोचतात, त्यात अगदी खऱ्या वाटतात.’’

‘‘बांगड्या?’’ मी विचारले.

मी पुन्हा हेडफोन लावला. मग दुसरा. पुतण्याने आवाज वाढवला. ओव्या होत्या, कढई होती. बांगड्या कुठेच नव्हत्या. ‘‘टेपची ती सततची फुस्‌स्‌ तरी ऐकू येतेय ना?’’ त्याने विचारले. तीही नव्हती. वय झाले की वरचे, बारीक सूर आधी जातात, हे त्याने खाली मान घालून, फार हळू सांगितले. तेवढे मात्र मला स्पष्ट ऐकू आले.

आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असत. त्या वाजत असणारच. किती वर्षांपासून त्या माझ्यापुरत्या वाजायच्या थांबल्या होत्या, कोण जाणे.

सेनहायझर घरी राहिला. तो हिचा. भाऊबीज झाली की, कानाच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले आहे. तोवर रोज संध्याकाळी ही ओव्या ऐकायला बसते, मी समोर पेपर धरून बसतो, आणि बांगड्या वाजल्या की ती नुसते बोट वर करते.