राहुरीत रुजू होताना

राहुरीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि इथे मन रमलं, हे आधी सांगून टाकते. पुण्यातल्या कंपनीतली आधीची नोकरी वाईट नव्हती, पगार तर इथल्यापेक्षा बराच जास्त होता. पण ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती ती पुस्तकांत राहता यावं म्हणून, आणि ते आता कुठे जमलं. सकाळी नगरहून एसटी धरायची, विळद घाट उतरायचा, कृषी विद्यापीठ मागे पडलं की राहुरी आलीच. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडते. तेव्हा पिशवीतून पुस्तक बाहेर निघतं. हल्ली ते एकच असतं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’.

हे पुस्तक मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून ते सोबत आहे. इथे आल्यावर मात्र ते नव्यानं भेटलं, कारण लक्ष्मीबाईंचा संसार याच गावात झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचं आणि त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बिऱ्हाड काही वर्षं राहुरीत होतं. मी ज्या गावात डबा उघडते, त्याच गावात या बाई येईल-जाईल त्याच्या पानात वाढत होत्या. आवडत्या लेखिकेच्या गावात नोकरी लागावी, याहून काय हवं?

नव्या जागी कसं रुजावं, हे लक्ष्मीबाईंकडून शिकावं. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला, कडक सोवळ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न. शाळा नाहीच, अक्षरओळख झाली ती सासरी. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. मग लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नगरला आल्या. आल्या म्हणून लगेच बदलल्या नाहीत. आपलं सोवळं, आपली वेगळी चूल त्यांनी काही काळ तशीच ठेवली. नवऱ्याचं पटलं म्हणून नाही, स्वतःला उमगलं तेव्हाच त्यांनी जातपात टाकली, आणि टाकली ती कायमची. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या काळातल्या बाईनं आपल्या मनाला इतका वेळ द्यावा, घाई करणाऱ्यांपुढे मान तुकवू नये, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि त्यानंतरचं त्यांचं काम! प्लेगात आजाऱ्यांची सेवा केली, पोरक्या मुलांना घरात घेतलं. नगरला असताना बालकवी ठोमरेही याच कुटुंबात राहिले. टिळक हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होत, आणि संध्याकाळच्या पिठामिठाची चिंता बाईंकडे असे. १९१९ साली टिळक गेले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी पत्करली. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनीच पुढे नेलं. प्रत्येक वेळी काम नवं, आणि प्रत्येक वेळी पदर खोचून उभ्या.

आमच्या वाचनालयातली ‘स्मृतिचित्रे’ची प्रत खिळखिळी झाली होती. पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली, तारखांच्या पट्टीवर शिक्क्यावर शिक्के पडलेले. दुरुस्तीचं काम मी स्वतःकडे घेतलं. मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातलं, पाठीला कापडी पट्टी लावली आणि रात्रभर जाड शब्दकोशांखाली दाबून ठेवली. सकाळी प्रत ताठ उभी राहिली. पट्टी भरली होती म्हणून नवी चिकटवली, जुनी मात्र आतच राहू दिली. इतक्या माणसांनी हे पुस्तक घरी नेलं, याची ती साक्ष आहे.

दुरुस्त झालेली प्रत पहिल्यांदा नेली ती जवळच्या वस्तीवरच्या एका आजींनी. लेक गावात येतो, त्याच्याबरोबर त्याही येतात. पुस्तक परत करताना म्हणाल्या, “ताई, ही बाई बोलती ना, आमच्या वट्यावर बसूनच बोलती. नवऱ्याचं सगळं सांगितलं, पण त्याला कुठं कमी नाही पडू दिलं.” ‘स्मृतिचित्रे’वर मी बरंच वाचलं आहे. पण आजींचं बोलणं ऐकून मी हातातलं काम ठेवलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, उधळा हात, सगळं बाईंनी लिहिलंय आणि तरी पानोपानी त्या माणसाबद्दलचं प्रेमच जाणवतं. स्वतःचं दुःख सांगतानाही त्या कुढत नाहीत. हसतात, पुढे जातात. मराठी गद्यात इतकं मोकळं हसू मला दुसऱ्या कुठल्याही आत्मचरित्रात सापडलेलं नाही.

हे पुस्तक १९३४ सालापासून चार भागांत प्रसिद्ध झालं. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. पुढे त्याची इंग्रजी भाषांतरं झाली. शांता गोखल्यांचं संपूर्ण भाषांतर २०१७ साली आलं, तेव्हा जगभरच्या वाचकांना नगर आणि राहुरी पुन्हा एकदा भेटली. पण आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांच्या कपाटात हे पुस्तक आहे, हा प्रश्न मी भेटेल त्या मुख्याध्यापकांना विचारते.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली आमच्या अभ्यासिकेत दिवसभर बसतात. दुपारी डोळे थकले की त्यांच्यातली एखादी काउंटरवर येऊन “मॅडम, काहीतरी वेगळं द्या ना,” म्हणते. मी हेच पुस्तक पुढे करते. एकीनं ते नेलं आणि तिच्या मैत्रिणींनी पुढचे नंबर लावले. आता मागणीची यादी वाढली आहे आणि प्रत एकच.

म्हणून वाचकांना विनंती. घरी ‘स्मृतिचित्रे’ची जादा प्रत असेल तर जवळच्या वाचनालयाला द्या. संक्षिप्त नको, पूर्ण आवृत्ती द्या. जुनी, सुटी झालेली असली तरी चालेल. बांधणीचं आम्ही बघून घेऊ.