आजोबांचं वेगळं पातेलं

आमच्या मजल्यावरच्या आजोबांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढतं. घरच्यांची आमटी नेहमीची, यांची अळणी. मला याचा मनापासून राग येतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला चौघांत बसवून बेचव जेवायला वाढायचं आणि तो दोन घास खाऊन उठला की 'हल्ली जेवणच जात नाही हो यांना' म्हणायचं! या वयात जेवण तुटणं हाही धोकाच आहे.

त्यात त्याच ताटात भाजलेला पापड असतो, तेलकट नाही म्हणून. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार, म्हणजे तोही सोडियमच. सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी लोणच्याची फोड, संध्याकाळी मूठभर फरसाण. मुलाने महागाचं गुलाबी सैंधव आणलंय, 'हे चालतं' म्हणून. नाही चालत. सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, जेमतेम एक छोटा चमचा. आपल्याकडे पोटात जातं ते 8 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त. वयाबरोबर मूत्रपिंडं मंदावतात, रक्तवाहिन्या कडक होतात आणि तेवढंच मीठ रक्तदाब जास्त चढवतं. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धांचं मीठ आपल्या मनाने एकदम तोडूही नये. सोडियम फार उतरलं की माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, तोल जाऊन पडतो.

माझं म्हणणं एवढंच, की मीठ उतरवायचं तर सगळ्या घराचं उतरवा, थोडं थोडं. काही आठवड्यांत जीभ सरावते. चाळिशीतल्या मुलाचा रक्तदाब तरी कुठे जागेवर आहे?

ज्वारीच्या भाकरीत आपल्याकडे कितीतरी घरांत मीठ घालतच नाहीत. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, बाजूला कांदा. मिठाची आठवणही होत नाही. मग पोळीच्या कणकेत ते हवंच, हे कुठून आलं? माझ्या सासूबाई वरण घोटून घेत, तुपात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता चांगला तडतडू देत आणि ती फोडणी वाढायच्या क्षणी वरणावर ओतत. मीठ नावालाच. वरून लिंबू पिळलं की घरातली पोरंसुद्धा दुसऱ्यांदा मागत. आमसुलं घालायची झाली तर आधी पाण्यातून काढत, कारण वाळवताना त्यांना मीठ लावलेलं असतं. हे त्यांना कोणत्या आहारतज्ज्ञाने सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना रक्तदाब होता आणि त्यांचं पातेलं वेगळं काढायचं नाही, हा सासूबाईंचा हट्ट होता. सगळ्यांना तेच वरण. ज्याला जास्त हवं, त्याने पानातलं चिमूटभर घ्यावं. माझ्या नणंदेच्या घरी आजही तसंच चालतं आणि तिथे लोणच्याची बरणी टेबलावर नाही, वरच्या फळीवर असते.